मोटारींचा सातबारा

३५ वर्षे महसूल खात्यात नोकरी करून, त्यांतली शेवटची १२ वर्षे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे आमचे जुने अव्वल कारकून ज्याला अखेरपर्यंत 'दप्तरखाना' म्हणत आले त्या जुनाट कागदाच्या आणि वाळवीच्या वासाने भरलेल्या खोलीत काढून, जो इसम सेवानिवृत्त होतो, त्याच्याविषयी त्याच्या नातलगांच्या मनात एक भाबडी समजूत असते. ती ही की, जगात जे जे विस्कटलेले आहे ते ते लावून ठेवण्याची विद्या या गृहस्थास अवगत आहे. या समजुतीपायी मी आजवर मेहुण्यांच्या ग्रंथसंग्रहापासून शेजाऱ्यांच्या विजेच्या बिलांपर्यंत पुष्कळ काही लावून दिले. परंतु गेल्या श्रावणात माझ्या भाच्याने जे काम माझ्या गळ्यात घातले, त्याच्या तोडीचे काम मला ना कूळकायद्याच्या अंमलबजावणीत भेटले, ना जमीन एकत्रीकरणाच्या योजनेत.

भाचा जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात आहे. पूर्वी हा धंदा रस्त्याकडेच्या चिंचेखाली, चार गाड्या, एक मोडकी खुर्ची आणि एक चुना-तंबाखूची डबी एवढ्या भांडवलावर चालत असे, आणि गिऱ्हाईक गाडीच्या टायरला लाथ मारून तिची परीक्षा घेत असे. आता गिऱ्हाईक घरीच बसते, आणि लाथ मारण्याजोगे असे त्याच्यापुढे काहीच नसल्यामुळे नावावर विसंबते. म्हणून भाच्याने आपल्याकडच्या साऱ्या गाड्यांची एक ऑनलाइन नोंदवही, त्याच्या भाषेत 'डेटाबेस', उभी केली. आणि ती उभी राहिल्याबरोबर असे आढळून आले की, गाडी आवारात उभी आहे, नोंदवहीतही उभी आहे, पण गिऱ्हाईक तिचे नाव टाकून शोधू लागले की ती बेपत्ता होते.

"मामा, फार काही नाही," भाचा म्हणाला, "मॉडेलांची नावं तेवढी सारखी करायची. दोन दिवसांचं काम आहे."

'दोन दिवसांचे काम' हे शब्द मी शासकीय सेवेत प्रथम ऐकले ते एका गावच्या फेरमोजणीच्या संदर्भात. ती मोजणी मी निवृत्त झालो तेव्हा चालू होती. तरीही मी होकार दिला. आमच्या पुण्यात चौकात शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोलिसासही 'मामा' म्हणण्याची रूढी असल्यामुळे, मी पहिल्या दिवशी त्या कार्यालयात पाऊल टाकले आणि भाच्याने "मामा आले" अशी वर्दी दिली, तेव्हा संगणकांपुढे बसलेल्या सहा मुलांपैकी दोघांनी नकळत खिशातले परवाने चाचपले, हे जाता जाता नमूद करतो.

नोंदवहीत 'मॉडेल' नावाचा एक रकाना होता आणि तो ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे भरला होता. मारुतीच्या डिझायर या एकाच गाडीची ११ निरनिराळी रूपे मला पहिल्या प्रहरातच सापडली. हा दोष सर्वस्वी मुलांचा म्हणता येत नाही. इंग्रजी शब्दकोशात या शब्दाचे जे वर्णलेखन आहे ते बाजूस सारून कंपनीने 'डी'च्या पाठीला थेट 'झेड' लावला. तो ज्या मुलाला मुद्रणदोष वाटला त्याने तो शाळेत शिकवल्याप्रमाणे इमानेइतबारे दुरुस्त केला, दुसऱ्याने अर्धाच दुरुस्त केला, आणि तिसऱ्याने या वादात न पडता 'स्विफ्ट (डिकीवाली)' एवढेच लिहून ठेवले. त्या तिसऱ्या मुलाविषयी माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे, कारण स्विफ्ट आणि डिझायर यांतला भेद त्या संपूर्ण नोंदवहीत त्यानेच काय तो लिहिला होता.

त्यात भर म्हणून भाच्याने कोठूनशी साऱ्या जगातल्या मोटारींची एक आयती यादीही उतरवून घेऊन मूळ वहीला जोडली होती. ती वाचताना मला 'कंपनी : साब, मॉडेल : ९ मार्च' अशी एक नोंद दिसली आणि तिच्या खाली 'मॉडेल : ९ मे' अशी दुसरी. स्वीडन देशात गाड्यांनाही तिथीवार नावे ठेवतात की काय, की हे त्यांच्या साधुसंतांचे दिवस असावेत, अशा तर्कात मी अर्धा तास घालवला. मग उलगडा झाला तो असा की, साब कंपनीच्या त्या गाड्यांची नावेच मुळी 'नऊ-तीन' आणि 'नऊ-पाच' अशी, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेली. आणि संगणकाची कोष्टकवही अशी आज्ञाधारक की, दोन आकड्यांच्या मध्ये रेघ दिसली की ती तारीख समजून मोकळी होते. आमच्या कचेरीतही एक लेखनिक असाच होता. अर्जावरच्या कोणत्याही आकड्यास तो आवक क्रमांक समजत असे. पुढे त्यास बढती मिळाली.

त्याच यादीत मित्सुबिशीच्या पजेरो, मोंटेरो आणि शोगन अशा तीन वेगवेगळ्या गाड्या नोंदलेल्या होत्या. चौकशीअंती तिन्ही एकच निघाल्या. स्पॅनिश भाषिकांच्या मुलखात 'पजेरो' या शब्दाला जो ग्राम्य अर्थ आहे तो सभ्य नियतकालिकात छापण्याजोगा नसल्यामुळे तिकडे तिला मोंटेरो म्हणतात, आणि इंग्लंडात ती शोगन झाली. सोडून आलेल्या गावात नाव बदनाम आहे म्हणून नव्या गावात निराळ्या नावाने बिऱ्हाड करणारी माणसे मी पाहिली होती. ही गाडी पुढच्या गावाची भाषा आधी विचारून नाव बदलते, एवढाच काय तो फरक.

एवढ्यावरून मी ठरवले की, ही दुरुस्ती शुद्धलेखनाने व्हायची नाही, या कामाला सातबाराच पाहिजे. ज्या वाचकांना जमीन नाही, आणि म्हणून ज्यांना रात्री झोप लागते, त्यांच्यासाठी खुलासा करतो : गावनमुना सातमध्ये जमीन कोणाची ते लिहितात, बारामध्ये तिच्यात काय पिकते ते लिहितात, आणि दोन्ही एका कागदावर आले की सातबारा होतो. जमिनीला लोक 'आंब्याचे टेप' म्हणोत, 'पांढरी' म्हणोत, की आजोबांच्या नावाने हाक मारोत, सरकार तिला गट क्रमांकाने ओळखते. मोटारीचेही असेच करावे. ती कोणाच्या कारखान्यातली ते सातात, तिच्या टोपणाखाली काय आहे ते बारात. स्वीडनच्याच लिनीयस नामक पंडिताने १७५३ साली वनस्पतींना प्रजाती आणि जाती अशी दोन पदांची नावे देऊन साऱ्या वनस्पतिविश्वाचा निकाल लावला होता. मग मूठभर कंपन्यांच्या मोटारी त्या कितीशा, असा माझा हिशेब होता. पण लिनीयसाला एक सवलत होती. आंब्याचे झाड वठल्यावर त्याचे नाव उचलून फणसाला देण्याची रीत वनस्पतींमध्ये नाही.

मोटारींमध्ये आहे. १९९९ साली मारुतीने बलेनो नावाची एक गाडी आणली. ती लांबलचक, मागे ऐसपैस डिकी असलेली, बँकेच्या अधिकाऱ्यांना आणि डॉक्टरमंडळींना शोभणारी अशी होती. यथावकाश ती निवर्तली. २०१५ साली त्याच कंपनीने पुन्हा बलेनो आणली, पण ही डिकी छाटलेली, ठेंगणी, गुबगुबीत. जुनीशी हिचे नाव सोडून काहीही जुळत नाही. नोंदवहीत दोघी एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदत होत्या, आणि त्यांची सरासरी किंमत काढून संगणक जो भाव सांगत होता तो ऐकून नवीचा मालक रडे आणि जुनीचा हसे. १९९३ सालची झेन ही तर गोंडस, वाटोळी, एका पिढीच्या जिवाचा विसावा. ती बंद होताच २००६ साली 'झेन एस्टिलो' म्हणून जी आली तिचे गोत्र वॅगन-आरचे. हा वारसा लोकांनी मानला नाही असे दिसते, कारण पुढे कंपनीने 'झेन' हे पहिले पद गुपचूप गाळले आणि नुसती 'एस्टिलो' उरली. आमच्याकडे याला फेरफाराने नाव कमी करणे म्हणतात, आणि त्यासाठी मंडल अधिकाऱ्याची सही लागते.

या जागी मला पेशव्यांचे स्मरण झाले नसते तर मी मराठी कारकून कसला! आजोबांचे नाव नातवाला, नाहीतर काकांचे पुतण्याला ठेवण्याच्या आपल्या वहिवाटीमुळे इतिहासात दोन बाजीराव आणि दोन माधवराव झाले, आणि तरीसुद्धा गेली दोनशे वर्षे कोणाही शाळकरी मुलाचा त्यांच्यात घोटाळा होत नाही; कारण पहिल्याला आपण 'थोरले' म्हणून बाजूस काढतो आणि दुसऱ्या माधवरावाला 'सवाई' ही उपपदवी लावतो. सवाई म्हणजे सव्वापट. मोटार कंपन्या जेव्हा जुन्याच नावापुढे 'ग्रँड', 'न्यू' किंवा 'प्लस' जोडतात तेव्हा त्या याहून निराळे काय करतात? ह्युंदाईने २००७ साली आय-टेन आणली, २०१३ साली ग्रँड आय-टेन आणली, आणि २०१९ साली ग्रँड आय-टेन निऑस आणली. म्हणजे सवाईच्या पुढचीही एक पायरी, जी पेशवाईत गाठण्याचा प्रसंग आला नाही. मी भाच्याला सुचवले की, पहिल्या बलेनोला 'थोरली बलेनो' आणि दुसरीला 'सवाई बलेनो' म्हणावे. त्याने ते ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी कंसात सालाचे आकडे घालून मोकळा झाला. कागदोपत्री त्याचे बरोबर आहे. पण 'बलेनो (१९९९–२००७)' हे वाचताना मला मृत्यूच्या दाखल्याचा भास होतो.

सालाच्या आकड्याने सर्व प्रकरणे मिटतात असेही नाही. श्कोडा कंपनीची ऑक्टाविया २००१ साली आपल्याकडे आली आणि लोकांना एवढी आवडली की, तिची दुसरी पिढी तयार झाली तरी पहिलीला कोणी निरोप देईना. तेव्हा धाकटीला २००५ साली 'लॉरा' या नावाने आणले गेले. पुढे थोरली गेली, लॉराही गेली, आणि २०१३ साली तिसरी पिढी आली ती पुन्हा 'ऑक्टाविया' होऊन. म्हणजे आजी ऑक्टाविया, आई लॉरा, नात ऑक्टाविया. आणि हीच आई परदेशात मात्र आजीच्याच नावाने वावरत होती. होंडाने याच्या उलट रीत काढली. २०२० साली नवी सिटी आणली आणि जुनी सिटीही विकणे चालू ठेवले. एकाच घरात, एकाच नावाच्या, दोघीही हयात! अशा वेळी तलाठी काय करतो ते मला ठाऊक आहे. तो दोघींनाही दुसऱ्या दिवशी यायला सांगतो.

दत्तविधान आणि विवाह या प्रकरणांपर्यंत मी आलो तेव्हा दोन दिवसांचे तीन आठवडे झाले होते. मारुतीची तीच सवाई बलेनो २०१९ साली टोयोटाच्या घरी गेली आणि 'ग्लान्झा' झाली. जणू उंबऱ्यावरचे माप ओलांडताना कोणी तांदळात बोटाने नवे नाव लिहिले. अंगावरचे किरकोळ दागिने बदलले, कपाळावरची कंपनीची टिकली बदलली, बाकी हाडामांसाची तीच. तिच्या पाठोपाठ ब्रेझा गेली ती 'अर्बन क्रूझर' झाली, अर्टिगा गेली ती 'रुमियन' झाली. या घरातून मुली जात आहेत तर त्या घरातून कोणी येत नाही काय, असा प्रश्न पडतो तोच २०२३ साली टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस मारुतीकडे 'इन्व्हिक्टो' हे नाव घेऊन नांदायला आली. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात. दोन्हीकडचा हुंडा वाचतो, असा पूर्वीचा अनुभव होता.

विलायतेस गेलेल्यांची हकीकत आणखी निराळी. पिंपरीच्या कारखान्यात जन्मलेली टाटांची इंडिका इंग्लंडात 'सिटीरोव्हर' या नावाने राहून आली. आपली झेन युरोपात 'आल्टो' म्हणून विकली गेली, आणि तिच्यानंतर आपली ए-स्टार तिकडे गेली तीही 'आल्टो'च झाली. आणि आपल्या घरी जी आल्टो म्हणून आहे ती या दोघींपैकी कोणीच नव्हे. आयत्या यादीतल्या आल्टोपुढे आमच्या मुलांनी आपल्या आल्टोचे छायाचित्र लावले होते. मी ते काढायला सांगितले तेव्हा त्यांच्यातल्या धाकट्याने विचारले, "मग मामा, खरी आल्टो कोणती?" तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न पूर्वी अन्य वस्तूंबद्दल विचारलेला आहे, आणि त्यांनाही समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. मी चहा मागवला.

इथपर्यंत झाला तो कंपन्यांचा दोष. लोकांचा दोष असा की, ते कंपनीने ठेवलेले नाव मानतच नाहीत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचेच पाहा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर जी गाडी तयार होऊ लागली, ती आधी फियाट ११००, मग त्यातलीच 'डिलाइट', मग 'प्रीमिअर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमिअर पद्मिनी' अशी नावे बदलत गेली. परकी कंपनीचे नाव जाऊन त्या जागी चितोडच्या राणीचे नाव आले, यात राष्ट्रीय अभिमानाचा भाग होताच. पण टॅक्सीवाल्याने पद्मिनी म्हटले नाही, प्रवाशाने म्हटले नाही, आणि गॅरेजवाल्याने तर मुळीच म्हटले नाही. पुढे जवळजवळ पाव शतक कारखाना पद्मिनी करीत राहिला आणि मुंबई फियाट विकत घेत राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात वयोमर्यादेच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी शोकलेखात तिला पद्मिनी म्हटले. असे होते खरे. जन्मभर ज्याला सगळे 'बाळू' म्हणतात त्याचे भालचंद्र हे नाव पुष्कळांना श्रद्धांजलीच्या फलकावरच कळते.

आमच्या नोंदवहीत एक पद्मिनी होती. मालक हौशी, गाडी घासूनपुसून लखलखीत, भाव रास्त. आणि सहा महिन्यांत तिच्याविषयी एकही पृच्छा आली नव्हती. लोक शोधचौकटीत 'फियाट' लिहीत, आणि संगणक त्यांना पुन्तो दाखवी.

'मारुती' या शब्दाची कथा याच जातीची. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तेव्हापासून पुढची १०-१५ वर्षे "त्यांनी मारुती घेतली" या वाक्याचा अर्थ एकच होता, आणि तो सांगताना बोलणाऱ्याचा आवाज किंचित खाली येत असे. कंपनीने पुढे कितीही गाड्या काढल्या तरी अमुक एका वयाच्या वरचा माणूस 'मारुती' म्हणाला की त्याला ८०० च हवी असते. ती २०१४ साली थांबली. पण त्याआधीच २०१२ साली 'आल्टो ८००' आणून कंपनीने आकडाही वारसाहक्काने दुसरीकडे वळता केला होता, त्यामुळे नुसते '८००' लिहिले तरी आमचा संगणक कावराबावरा होतो. 'टेम्पो' हा शब्द तर एका कंपनीचे नाव होता, हे सांगितल्यावर मुलांना ती थाप वाटली. बजाज टेम्पो कंपनीने २००५ साली 'फोर्स मोटर्स' हे नाव घेतले. मराठी माणसाने टेम्पो आपल्याकडेच ठेवून घेतला आणि घरसामान हलवायला तो अजून बोलावतो. आणि टाटांनी एका मालवाहू गाडीला 'टाटामोबाइल' हे नाव ठेवले तेव्हा या देशात मोबाइल फोन आलेलाही नव्हता. आज ते नाव शोधणाऱ्याला काय काय दाखवले जाते ते मी येथे लिहीत नाही. 'सुमो'चे मात्र मी मुलांना उभे करून सांगितले. त्यांच्या समजुतीप्रमाणे ते जपानी मल्लांवरून आलेले नाव. वास्तविक सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी लेखनातला 'मो' घेऊन टाटांनी १९९४ साली ते नाव सिद्ध केले. एका मराठी माणसाचे नाव खेडोपाडी, दहा-दहा माणसे पोटात घालून, धुरळा उडवीत हिंडत होते आणि कोणाला पत्ता नव्हता, याची मला त्या दिवशी पुन्हा एकदा गंमत वाटली.

आकड्यांची नावे सोपी पडतील, हा माझा भ्रम महिंद्र कंपनीच्या गाड्यांनी दूर केला. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो अशी ओकारान्त नावे ठेवण्याचा त्यांचा कुलाचार जुना आहे, आणि तो मला व्याकरणदृष्ट्या आवडतोही. २०११ साली त्यांनी एक्सयूव्ही ५०० आणली तेव्हा वाटले की कुलाचार मोडला; तर कंपनीचा आग्रह असा की, ते 'पाचशे' नव्हे, 'फाइव्ह हंड्रेड' नव्हे, ते 'फाइव्ह डबल ओ' असे वाचावे. म्हणजे शून्यांच्या वेषात ओकार लपून बसला होता! मी त्या चातुर्याला मनोमन नमस्कार केला. परंतु आमच्या सहा मुलांपैकी तिघांनी शून्ये लिहिली आणि तिघांनी ओ ही अक्षरे लिहिली. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. पुढे एक्सयूव्ही ३०० चे २०२४ साली 'थ्री एक्स ओ' झाले. त्यात एक आकडा आहे, एक अक्षर आहे, आणि शेवटी जे आहे ते निश्चितपणे ओ आहे असे मला सांगण्यात आले.

शून्यावरही लोक हक्क सांगतात, हे या निमित्ताने वाचनात आले. पोर्शे कंपनीने १९६३ साली आपली नवी गाडी '९०१' या नावाने प्रदर्शनात मांडली. तेव्हा फ्रान्सच्या पूजो कंपनीने हरकत घेतली की, तीन आकड्यांच्या मध्ये शून्य असलेली नावे ही आमची वहिवाट आहे. पोर्शेने वाद न घालता मधल्या शून्याचा एक केला, आणि ९११ ही पुढे जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गाड्यांपैकी एक झाली. आमच्याकडे बांधावरच्या एका बाभळीसाठी तीन पिढ्या दिवाणी न्यायालयात चालल्याचे मी पाहिले आहे. इकडे महिंद्रने २०२४ च्या अखेरीस 'बीई सिक्स ई' काढली, आणि 'सिक्स ई' हा एका विमान कंपनीचा संकेत निघाल्यामुळे 'ई' गाळून टाकली. टाटांची 'झिका' तर बारशाआधीच नाव बदलून बसली. २०१६ च्या आरंभी त्याच उच्चाराच्या रोगाने जगभर थैमान मांडल्यामुळे ती 'टियागो' झाली. हिला तरी माझ्या वहीत 'उर्फ' लावावे लागले नाही, एवढे समाधान.

मग माझ्या हाती तो सतरा अक्षरांचा चासी क्रमांक लागला आणि क्षणभर वाटले की, दप्तर लागले! हा क्रमांक जगभर एकाच नियमाने बांधलेला असतो. त्यातली पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात, 'एमए३' असेल तर मारुती, 'एमएटी' असेल तर टाटा. आणि त्यात आय, ओ व क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे मुळीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी घोटाळा करतात. ज्या पुरुषाने हा नियम केला तो कोणत्या ना कोणत्या देशात बारनिशीच्या मेजावर बसलेला असला पाहिजे. मी भाच्याला म्हणालो, नावे काढूनच टाक, नुसते क्रमांक ठेव. त्यावर तो म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक कधी चासी नंबर सांगून गाडी मागतं का?" आणि त्याच वेळी टेबलावरचा फोन वाजला.

फोन सांगलीकडचा होता. "वडापला चालंल अशी एखादी गाडी हाय का?" पलीकडून प्रश्न आला. कंपनी कोणती, असे मुलाने विचारले. "कुठलीबी." मॉडेल? "म्हनलं न्हवं, वडापला." मुलाने शोधचौकटीत 'वडाप' लिहिले आणि संगणकाने शून्य नोंदी दाखवल्या; मात्र खिडकीतून मला समोरच्या आवारात एक ट्रॅक्स, एक सुमो आणि एक कमांडर अशा तीन वडाप उभ्या दिसत होत्या. शेअर जीपला दक्षिण महाराष्ट्रात लोक वडाप म्हणतात हे त्या शहरी मुलाला ठाऊक नव्हते, आणि कंपन्यांनाही बहुधा ठाऊक नसावे. नाहीतर त्यांनी ते झेड घालून लिहिले असते.

त्या संध्याकाळी मला सातबाराचा तो रकाना आठवला, ज्याच्या आधारावर या राज्याचा जमीनमहसूल उभा आहे, म्हणजे 'इतर हक्क'. विहिरीतला हिस्सा, बँकेचा बोजा, बहिणींची नावे, जे जे सातात बसत नाही आणि बारात मावत नाही, ते सारे 'इतर हक्क' पोटात घेतो. मी प्रत्येक मोटारीपुढे तो रकाना उघडला. पद्मिनीच्या इतर हक्कांत 'फियाट' लिहिले, पहिल्या ८०० च्या इतर हक्कांत 'मारुती', ग्लान्झाच्या 'माहेरची बलेनो', ट्रॅक्स, सुमो आणि कमांडर यांच्या 'वडाप'. आठ दिवसांत पद्मिनी विकली गेली. ट्रॅक्स सांगलीला गेली. भाच्याने मला पेढे दिले आणि मी काशीयात्रेला निघून गेलो.

परत आलो तो कार्यालयात सर्वत्र शांतता होती. मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी पूर्वी फक्त मार्चअखेर उलटून गेल्यावर कचेरीत पाहिले होते. नोंदवही उघडली. कंपनीचा रकाना रिकामा, मॉडेलचा रिकामा, सालाचा रिकामा. थोरली-सवाई भेद दाखवण्यासाठी घातलेले कंस तेही रिकामे. इतर हक्क मात्र काठोकाठ भरलेला होता, आणि सर्वांत ताज्या नोंदीत त्या रकान्यात असे लिहिले होते : 'पांढरी. स्विफ्टसारखी पण स्विफ्ट नाही. डावा आरसा नाही. मालक शनिवारी भेटेल. बाकी मामांना विचारणे.'